ऐक्यावर बोलणारी बाई

महूच्या पाद्रीसाहेबांनी आमचं लग्न लावलं तेव्हा माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. पुढच्या खेपेला बिशप इंदूरला आले की मी दृढीकरण करून घ्यायचं. म्हणजे बिशपांसमोर गुडघे टेकायचे, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि मग मला नवऱ्याच्या चर्चमध्ये पवित्र सहभागिता, म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षारस, घेता येणार. मी हो म्हटलं. लग्नाच्या दिवशी मुलगी कशालाही हो म्हणते. त्यानंतर बिशप आले, गेले, पुन्हा आले. एकदा मला ताप होता. एकदा शाळेत इन्स्पेक्शन होतं. एकदा काहीच नव्हतं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं.

मी कॅनडियन मिशनच्या मंडळीत वाढले. तिला तोवर संयुक्त मंडळी म्हणू लागले होते. तिथे लोकांनी निवडलेल्या कारभाऱ्यांना 'वडील' म्हणायची पद्धत आहे, आणि माझे वडील तिथले वडील होते, त्यामुळे घरात त्यांचं दोनदा ऐकावं लागे. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. सोळाव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी बसून प्रभुभोजन, म्हणजे आमच्याकडची सहभागिता, घेत आले होते. लग्नानंतर बाबूराव म्हणाले, ते आमच्याकडे चालत नाही.

"मग इतकी वर्षं मी काय खाल्लं?" मी विचारलं.

बाबूरावांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ते प्रभूला माहीत."

हे उत्तर मला राग धरायला पुष्कळ वर्षं पुरलं. आम्ही दर रविवारी एकत्र टांग्याने चर्चला जायचो, एका बाकावर बसायचो, एकाच पुस्तकातून गायचो. महिन्यातून एकदा महूहून पाद्रीसाहेब यायचे, त्या दिवशी बाबूराव उठून वेदीच्या कठड्यापाशी जायचे आणि मी बाकावर बसून राहायची. बसताना पाठ अगदी ताठ ठेवायची. लोकांना वाटावं, ही बाई तत्त्वासाठी बसली आहे. खरं सांगायचं तर तत्त्व पहिल्या वर्षीच संपलं होतं. नंतर नुसती सवय उरली होती, आणि ती ताठ पाठ. आमची पद्मजा झाली तेव्हा तिचा बाप्तिस्मा ह्यांच्याकडे झाला, पण रविवारच्या शाळेला ती आप्पांच्या मंडळीत जायची, कारण तिथे शेवटी रेवडी मिळायची.

बाबूराव साळवे मूळचे नगरचे. नगरकडच्या अँग्लिकन लोकांना सगळं साग्रसंगीत लागतं. वेदीवर दोन मेणबत्त्या, येता-जाता मान लववणं, पाद्रीच्या गळ्यात पट्टा कुठल्या रंगाचा, हे सगळं. इंदुरात रेसिडेन्सीच्या बाजूला इंग्रजांनी बांधलेलं एक दगडी चर्च होतं. इंग्रज गेले आणि चर्च आमच्या हाती आलं. आमच्या म्हणजे कोणाच्या, तर बाबूरावांच्या, रेल्वेतल्या संताजी पाटोळ्यांच्या, आणि आणखी चार-सहा घरांच्या. इतक्या मोठ्या इमारतीत आम्ही बसलो की रिकामे बाकच आमच्याकडे बघतायत असं वाटे.

संताजीराव नाशिकचे. नाशिकही अँग्लिकन आणि नगरही अँग्लिकन, पण नाशिकला ज्या मिशनने वाढवलं त्याला मेणबत्त्यांचं वावडं होतं. इंग्रज पाद्री होते तोवर ते म्हणतील ते. ते गेल्यावर पहिल्याच रविवारी बाबूरावांनी दोन मेणबत्त्या पेटवल्या आणि संताजीराव उठून व्हरांड्यात जाऊन बसले. तिथूनच त्यांनी सगळी प्रार्थना म्हटली, आणि ती आतल्यांपेक्षा मोठ्यानं.

"भिया, बिजली आहे ना चर्चमध्ये?" बाहेर पडल्यावर ते बाबूरावांना म्हणाले. "मग दिवसाढवळ्या हे काय?"

"ते उजेडासाठी नसतं, संताजीराव."

"तेच तर मी म्हणतोय. उजेडासाठी असतं तर मी आत बसलो असतो."

त्यांची बायको रमा आतच बसायची. ती मला म्हणाली, "कुमुदताई, बाहेर त्यांना वारा लागतो, पण बोलायचं कोणी?" मी तिला सांगितलं, मी बोलणार नाही, मी तर तुमच्यातली नाहीच. हे म्हणताना मला फार बरं वाटलं. भांडण दुसऱ्याचं असलं की आपण शहाणे दिसतो.

मध्यभारत राज्य होतं त्या वर्षांतली ही गोष्ट. राज्याला उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर अशा दोन राजधान्या होत्या, कारण एकीवर दोघांचं जमलं नाही. बाबूराव सचिवालयात होते. होळकरांचे कारकून आणि शिंद्यांचे कारकून एका यादीत बसवायचे, कोण कोणाच्या वर, हे त्यांचं दिवसभराचं काम. थंडी पडू लागली की दफ्तर पेट्यांत भरून ग्वाल्हेरला जायचं, आणि दफ्तराबरोबर बाबूराव.

त्या वर्षी उन्हाळ्यात बिशपांचं एक परिपत्रक आलं. उत्तर हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या मंडळ्यांनी एक व्हावं अशी योजना चालली आहे, तरी ठिकठिकाणच्या लोकांनी एकत्र बसून चर्चा करावी आणि आपलं मत कळवावं. संयुक्त मंडळीकडेही तसंच काही आलं होतं. मग ठरलं की आप्पांच्या मंडळीच्या हॉलमध्ये एक सभा घ्यायची. दोन्हीकडून एकेक वक्ता. आणि तिसरं कोणीतरी, जे दोन्हीकडचं आहे.

महूचे पाद्रीसाहेब स्वतः आमच्या छत्रीबागेतल्या घरी आले. ते त्रावणकोरकडचे, मराठी फार जपून बोलायचे. "मिसेस साळवे," ते म्हणाले, "तुम्ही बोला. तुमच्या घरी ऐक्य झालं आहे."

मी आधी नको म्हटलं, एकदाच, आणि फार जोरात नाही. त्यानंतर पंधरवडाभर मी शाळेत मुलींना निबंध लिहायला द्यायची आणि स्वतः भाषण लिहायची. महेश्वरी लुगडं इस्त्री करून आणलं. भाषण पद्मजेला म्हणून दाखवलं, ती झोपली. बाबूरावांना म्हणून दाखवलं, ते म्हणाले, "चांगलं आहे. थोडं लहान कर." मी दोन वाक्यं काढली आणि तीन घातली.

सभेला हॉल भरला होता. आमचे लोक डावीकडे, आप्पांचे उजवीकडे, कोणी सांगितलं नव्हतं तरी. माझं भाषण मस्त चाललं. मधमाश्या आणि पोळं, नर्मदा आणि तिच्या उपनद्या, सगळं येऊन गेलं. शेवटी मी पदर सावरून म्हटलं, "पंडित लोक ऐक्याची योजना लिहितायत. आमच्या घरात ती केव्हाच अमलात आली आहे. आमच्याकडे दोन मंडळ्या एका ताटात जेवतात."

टाळ्या झाल्या. मग उजवीकडून अंबिकाबाई उठल्या. त्यांनी मला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. वय झालं होतं, पण कान शाबूत होते.

"कुमुद," त्या म्हणाल्या, "ताटाचं ठीक आहे. प्रभूच्या मेजावर बसता का गं एकत्र?"

मी उभी राहिले. मी म्हणाले, "तसं अजून..." आणि पुढचं वाक्य सुचेना. इतक्या उपनद्या सुचल्या होत्या, पण हे सुचेना.

बाबूराव मला वाचवायला उठले. त्यांनी उठायला नको होतं. "नियमाप्रमाणे तिला काही अडचण नाही," ते म्हणाले. "फक्त दृढीकरण व्हायला पाहिजे."

"म्हणजे आमच्याकडे तिचं जे झालं ते कच्चं?" आप्पांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"कच्चं असं नाही, आप्पा."

"मग पुन्हा पक्कं कशाला करायचं? उद्या म्हणाल, आमच्या पाळकांच्या डोक्यावरही पुन्हा हात ठेवा."

योजनेत नेमकं तसंच काहीसं होतं, म्हणून पाद्रीसाहेब खाली बघू लागले. तेवढ्यात डावीकडे मागून संताजीराव उठले. मला वाटलं, आता हे आप्पांची बाजू घेतील. तशी त्यांनी घेतली, पण घेताना मेणबत्त्यांवर आले. "आमचं घर आधी नीट करू द्या," ते म्हणाले, "आमच्यातच एक जण आत बसतो आणि एक व्हरांड्यात. मतलब, आम्ही तुमच्याशी काय एक होणार?" बाबूराव वळून त्यांना उत्तर देऊ लागले. उजवीकडचे लोक हे ऐकून गालातल्या गालात हसत होते. मग त्यांच्यातलाच एक जण म्हणाला की एक व्हायचंच तर उपासना हिंदीत होणार की मराठीत ते आधी ठरवा, आणि हसणं थांबलं. पुढचा अर्धा तास त्यांचा होता.

शेवटी पाद्रीसाहेबांनी सगळ्यांना उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितलं. क्षमेच्या ओळीवर आलो तेव्हा उजवीकडचे 'ऋणे' म्हणाले, डावीकडचे 'अपराध' म्हणाले, आणि मधले चार जण हिंदीत गेले. मी नेहमी ज्या बाजूला उभी असेन तिकडचं म्हणते. त्या दिवशी मी व्यासपीठावर होते, म्हणून गप्प राहिले.

ऐक्याच्या सभेचा परिणाम असा झाला की पुढच्या रविवारी संताजीराव चर्चच्या व्हरांड्यातही आले नाहीत. ते रेल्वे क्वार्टरमध्ये घरीच प्रार्थना घेऊ लागले. दोन घरं त्यांच्याकडे गेली. आप्पा आमच्या घरी यायचे, पद्मजेला खाऊ द्यायचे, बाबूरावांशी हवापाण्याचं बोलायचे आणि चहा न घेता जायचे. आणि माझ्या शाळेत एक शिक्षिका दुसरीला म्हणताना मी ऐकलं, "ती बघ, ऐक्यावर बोलणारी बाई."

थंडी आली आणि बाबूराव ग्वाल्हेरला निघाले. पाद्रीसाहेब नसत त्या रविवारी प्रातःप्रार्थना तेच वाचत, आता ती वाचायला कोणी नव्हतं. जाताना त्यांनी चर्चची किल्ली माझ्या हातात दिली.

"दर शनिवारी झाडून घे. पाद्रीसाहेब येतील तेव्हा उघडून दे. बाकी काही करायचं नाही."

"मी काय करणार?" मी म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्याच रविवारी सकाळी दारात रमा उभी. संताजीराव मालगाडीवर गार्ड होते, त्यांची ड्यूटी रतलामकडे लागली होती. त्यांच्याकडे जाणारी दोन्ही घरं तिच्याबरोबर टांग्यातच बसून होती. "ताई, चर्च उघडा ना. आम्ही नुसतं बसून येतो." मी गेले, उघडलं. बाबूरावांच्या बाजूचे लोकही आले होते, चर्चला कुलूप बघून परतत होते. सगळे आत येऊन बसले आणि माझ्याकडे बघू लागले. मी तर शिक्षिका. कोणी बसून माझ्याकडे बघू लागलं की मला बोलावंच लागतं.

मी प्रार्थनापुस्तक उघडलं. आत अंधार होता; थंडीत त्या जाड भिंतींच्या आत सकाळ उशिरा यायची, आणि वीज त्या दिवसांत गेलेलीच असायची. पान दिसेना. वेदीवरची एक मेणबत्ती मी उचलली, पेटवली आणि वाचनाच्या मेजावर पुस्तकाशेजारी ठेवली. मग वाचलं. बाईने, त्यातून दृढीकरण न झालेल्या बाईने, चर्चमध्ये उभं राहून प्रार्थना वाचायची नसते हे मला माहीत होतं. पण मनाई करणारे दोघंही गावाबाहेर होते.

दोन रविवारांनी संताजीरावांना सुट्टी मिळाली. ते व्हरांड्यापर्यंत आले, दारातून डोकावले. मेणबत्ती बघितली. माझा चष्मा आणि पुस्तक बघितलं. मग आत येऊन रमेच्या शेजारी बसले. बाहेर पडताना म्हणाले, "वहिनी, उजेडासाठी असलं तर माझी ना नाही. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय."

अशी ती मंडळी पुन्हा एका छपराखाली आली. ह्यात माझी कर्तबगारी शून्य होती, पण मला तसं वाटेना. मला वाटलं, बिशप, समित्या, योजना, ह्यांना जे जमलं नाही ते मी करून दाखवलं. आणि मग मी सुधारणा करायला लागले.

आमच्या संयुक्त मंडळीत प्रार्थना पुस्तकातून वाचत नाहीत, मनाने करतात. मी एका रविवारी पुस्तक मिटलं आणि मनाने केली. आजारी लोकांसाठी केली, मग मंत्रिमंडळासाठी, मग ग्वाल्हेरला गेलेल्यांसाठी, मग माझ्या वर्गातल्या वार्षिक परीक्षेसाठी. पुढच्या रविवारी जरा जास्त झाली. त्यात मी म्हटलं की हे प्रभो, जे लहानसहान गोष्टींवरून व्हरांड्यात बसतात त्यांना सुबुद्धी दे, आणि जे रंग आणि पट्टे ह्यांत गुंततात त्यांनाही दे. डोळे मिटलेले असल्यामुळे लोकांचे चेहरे मला दिसले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी माझी प्रार्थना इतकी चालली की गुडघ्यावर बसलेल्या एका आजोबांना उठवायला दोघं लागले. मेणबत्ती वितळून मेजावर ओघळली होती. मला वाटलं, लोकांचे डोळे भक्तीने ओले झाले आहेत. रमाने नंतर सांगितलं, त्या जांभया होत्या.

नाताळच्या सुट्टीत बाबूराव घरी आले. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी संताजीराव आमच्याकडे आले. मी चहा ठेवला. बाहेर आले तर दोघं एका बाकावर शेजारी शेजारी बसलेले. इतक्या वर्षांत हे दृश्य मी बघितलं नव्हतं. माझा ऊर भरून आला.

"कुमुद, बस जरा," बाबूराव म्हणाले. "संताजीराव काही सांगतायत, आणि मला ते पटतं."

"वहिनी, राग मानू नका," संताजीराव म्हणाले. "तुम्ही वाचता सुंदर. पण पुस्तकात जे आहे तेवढंच वाचा ना. पुस्तक आमच्या दोघांचं एकच आहे."

"शब्दही बदलायचा नाही," बाबूराव म्हणाले.

"एक अक्षर नाही," संताजीराव म्हणाले.

त्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. नगर आणि नाशिक एक झालं होतं, माझ्याविरुद्ध. मी कपबश्या उचलल्या, आत गेले आणि त्या जरा आपटून ठेवल्या. मग शेगडीपाशी उभी असताना मला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. बाबूराव घाबरून आत आले. त्यांना वाटलं, मी रडतेय.

नाताळच्या सकाळी पाद्रीसाहेब महूहून आले. चर्चमागच्या खोलीत त्यांनी आपली बॅग उघडली आणि तिथेच थांबले. टांगेवाल्याने बॅगेवर कोणाची तरी ट्रंक ठेवली होती. आत वाइनची बाटली फुटून त्यांचा पांढरा झगा जांभळा झाला होता. ती वाइन मुंबईहून येत असे. इंदुरात दुसरी मिळण्यासारखी नव्हती.

चर्च भरलं होतं. वर्षात एवढ्या एका दिवशी ते भरायचं. मागच्या खोलीत आम्ही चौघं उभे होतो. संताजीराव हळूच म्हणाले, "छावणीत रम मिळेल." पाद्रीसाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

तेव्हा मला सांगणं भाग पडलं. आप्पांच्या मंडळीत प्रभुभोजनाला दारू वापरत नाहीत. दारूबंदीच्या शपथेवर त्या मंडळीची तीन पिढ्यांची श्रद्धा आहे. काळ्या मनुका भिजवून, उकळून त्यांचा रस करतात, आणि वडिलांची मुलगी म्हणून तो करायचं काम माझ्याकडे होतं. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारासाठी मी मनुका आधीच भिजत घातल्या होत्या, आणि मनाच्या प्रार्थनांच्या नादात त्या चुलीशेजारच्या बरणीत तशाच विसरले होते. त्या दिवशी पहाटे फडक्यातून बुडबुडे येताना दिसले. फेकणार होते, पण नाताळच्या गडबडीत राहिलं.

"माझ्याकडे एक बरणी आहे," मी म्हणाले. "बिघडलेली."

"बिघडलेली म्हणजे?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"फसफसते."

संताजीराव टांगा घेऊन छत्रीबागेत गेले आणि मांडीवर बरणी धरून आले. पाद्रीसाहेबांनी चमच्याने चव घेतली. पुन्हा घेतली. त्रावणकोरात जुने लोक मनुकांचीच करायचे, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "ही बिघडलेली नाही. ही झालेली आहे."

बाबूरावांनी विचार केला. अशा वेळी त्यांचा विचार फार वेळ चालतो, पण त्या दिवशी बाहेर ऑर्गन वाजवणाऱ्याने तेच गीत पुन्हा सुरू केलं होतं. "द्राक्षाचंच आहे," ते म्हणाले. संताजीराव म्हणाले, "चालेल." आप्पा तिथे असते तर त्यांना घेरी आली असती.

मी बाकावर जाऊन बसले, पाठ ताठ करून. लोक उठून कठड्यापाशी जायला लागले. मी बघत होते. ती मी केलेली होती. माझ्या चुलीपाशी झालेली, माझ्या विसराळूपणाने. सगळे ती घेणार आणि मी लांबून बघणार. हा विचार काही आध्यात्मिक नव्हता, स्वयंपाकघरातला होता. मी उठले, पुढे गेले आणि बाबूरावांच्या शेजारी गुडघे टेकले.

बाबूरावांनी मान वळवली नाही.

पाद्रीसाहेब माझ्यापर्यंत आले आणि थांबले. भाकर त्यांच्या हातात होती. मी वर बघितलं नाही. त्यांचा नियम मला माहीत होता, आणि तो मोडणारे ते नव्हते. मग त्यांनी भाकर डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. काहीतरी पुटपुटले. मराठी सुचलं नसावं, कारण ते मल्याळम होतं. मला एक अक्षर कळलं नाही. हात मात्र ऊबदार होता, आणि त्यांनी तो लगेच काढला नाही. मग मला भाकर न देताच ते पुढच्या माणसाकडे गेले.

इतकी वर्षं बिशपांच्या हातापासून जपलेलं ते डोकं. मी बाकावर परत आले आणि मला रडू आलं. रागाचं होतं की कशाचं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

दुपारी बाबूरावांनी बसून रजेचा अर्ज लिहिला, आणखी काही दिवसांचा. ग्वाल्हेरला काम पडलं होतं, तरी.

नव्या वर्षाचा पहिला रविवार आला. रस मी पुन्हा केला होता, आप्पांच्या देखरेखीखाली. त्यांनी तो दोनदा उकळवला, कारण पहिल्या बरणीचं काय झालं हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मी निघाले तर बाबूराव कोट घालून दारात उभे.

"कुठे?" मी विचारलं.

"तुझ्याबरोबर."

ते कधी आले नव्हते. आप्पांच्या मंडळीत कठडा नाही, कोणी पुढे जात नाही. लोक जागेवरच बसतात, आणि वडील मंडळी लहान लहान पेल्यांचा ट्रे घेऊन रांगेतून फिरतात. आमच्या रांगेत ट्रे आप्पाच घेऊन आले. मी पेला उचलला. ट्रे बाबूरावांसमोर आला. आप्पा तो धरून तिथेच थांबले. ट्रे जड होता, असं ते नंतर म्हणाले. मागच्या बाकावर अंबिकाबाई होत्या. त्या पुढे वाकल्या, हे मला बघायची गरज नव्हती.

बाबूरावांनी मान लववली, जशी ते वेदीसमोर लववतात तशी, आणि पेला घेतला. प्यायले. आप्पा पुढच्या रांगेत गेले. मग बाबूराव माझ्या कानाशी म्हणाले, "पाणी जास्त झालंय."

"दोनदा उकळलंय," मी म्हणाले.

त्या दिवशी आप्पा आमच्याकडे जेवले आणि चहाही घेतला. दोघांनी योजनेतल्या हस्तारोपणाच्या कलमावर वाद घातला, अगदी मनापासून, आणि दोघांचंही मत तसूभर बदललं नाही. आपलं मत काय कळवायचं यावर आमच्या मंडळीची पुढे उन्हाळ्यात बैठक झाली. ठरलं ते असं: ऐक्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त कोणाशी, कसं आणि केव्हा ह्याबद्दल मतभेद आहेत. ते मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

पण त्याआधी जानेवारीतला एक रविवार. बाबूराव ग्वाल्हेरला परत गेले होते, संताजीरावांनीच त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. मी वाचत होते, पुस्तकातून, एकही शब्द न बदलता. दार वाजलं आणि आप्पा आत आले. ते ह्या चर्चमध्ये माझ्या लग्नानंतर आले नव्हते. संताजीरावांनी सरकून त्यांना जागा दिली आणि रमाने तिचं पुस्तक उघडून त्यांच्या हातात ठेवलं. आप्पांना आमच्या पुस्तकाची सवय नव्हती. लोक उभे राहिले तेव्हा ते बसले होते. लोक बसले तेव्हा ते पान शोधत होते. मी थांबून पान नंबर सांगितला, वर्गात सांगते तसा. मग सगळे गुडघ्यावर गेले, आणि आप्पा एकटेच मध्ये उभे राहिले, पुस्तक डोळ्यांजवळ धरून, ओठ हलवत. संताजीरावांनी त्यांच्या कोटाचं टोक हळूच ओढलं. आप्पांनी खाली बघितलं, म्हणाले, "थांबा, सापडलं," आणि पुढची ओळ उभ्यानेच, सगळ्यांच्या एक शब्द मागून, मोठ्यानं वाचली.